मेंबरांच्या बायकोचं मत

“मला दहा वर्षांची मुलगी आहे, अध्यक्षमहाराज!”

चौरंगावर उभी राहून मंजुळा खड्या आवाजात म्हणाली आणि दिवाणखान्यातली मंडळी पोट धरून हसली. मंजुळा हसली नाही. तिनं उजवा हात पुढे केला, अगदी तिचा बाप करतो तसा, आणि पुढचं म्हटलं.

“ती आज पाटीवर अक्षरं गिरवते आहे. तिच्या कपाळाला बाशिंग बांधण्याचा अधिकार रूढीला नाही, शास्त्रीबुवांना नाही आणि, अध्यक्षमहाराज, तिच्या जन्मदात्या बापालाही नाही!”

टाळ्या पडल्या. ह्यांनी मंजुळाला चौरंगावरून उचलून मांडीवर घेतलं. मी मधल्या दाराआड उभी होते, हातात पानाचं तबक होतं, आणि ते घेऊन बाहेर कोण जाणार याचं मला भान नव्हतं.

हे भाषण ह्यांचंच. सिमल्याला असेंब्लीत इंग्रजीतून केलेलं. नागपूरच्या पेपरानं ते मराठी करून छापलं आणि पोरीनं पेपर वाचून वाचून तोंडपाठ केलं. चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही, केलं तर शिक्षा, असा कायदा झाला होता. पाडव्याच्या सुमारास तो लागू व्हायचा होता. ह्यांनी एकट्यानं काही तो केला नव्हता, पण आमच्या अंजनखेडात सगळे असंच बोलत की कायदा आप्पासाहेब निंभोरकरांनी केला. ह्यांनीही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

तेव्हा ह्यांची गाडी जोरात होती. पुण्याला शिकून आले, गावच्या कमिटीत शिरले, तिथून नागपूरच्या कौन्सिलात दोनदा निवडून गेले आणि मग थेट दिल्लीला. दोन शाळा काढल्या, त्यातली एक मुलींची. आता घरात एक बायको होती जिला अक्षर ओळखता येत नव्हतं, ते राहून गेलं. मी कधी मागितलंही नाही. मी नऊ वर्षांची असताना या घरात आले. माझ्या लग्नात मुहूर्ताला मला झोप लागली होती, मामांनी कडेवर घेऊन अक्षता पाडून घेतल्या. त्यामुळे मंजुळा चौरंगावर उभी राहून ते वाक्य म्हणाली ना, तेव्हा माझे डोळे भरून आले. ह्यांचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा त्याआधी कधी वाटला नव्हता. त्यानंतर तर प्रश्नच नाही.

पौषात पळसखेडचे तात्यासाहेब भांबुरकर आले. मोठी असामी. असेंब्लीला मत कोणाला, तर ज्याचा शेतसारा मोठा त्याला. अशी माणसं तालुक्यात मोजकीच, आणि त्यातली निम्मी तात्यासाहेबांच्या गोतातली. तात्यासाहेब ओसरीवर बसून ज्याचं नाव घेतील त्याला ती मतं पडायची. भादव्यात पुन्हा निवडणूक होती. काँग्रेसवाले त्या वर्षी उभे राहणार नाहीत असं बोललं जात होतं, तेव्हा समोर उरणार होते ते कापसाच्या जिनचे मालक विठोबाजी बारब्दे. कायद्याचे कट्टर वैरी. जिथे तिथे सांगत फिरायचे, “माह्या नातीचं लगन म्या सातव्या वर्षी केलं अन् पुडच्या नातीचं सहाव्या वर्षी करीन.”

मी सुपारी घेऊन गेले आणि पडद्याआड थांबले. तात्यासाहेबांचा आवाज असा की पडद्याआड काय, गोठ्यातही ऐकू यावा.

“आप्पासाहेब, भाषन झकास झालं म्हन्तात. पन लोक काय म्हन्तात, ठाऊक हाय काय? म्हन्तात, निंभोरकरानं आमच्या घरच्या लगनाची किल्ली सरकारच्या हाती देल्ली. आता मी त्याइले काय सांगू?”

“तुम्हाला काय सांगावंसं वाटतं, तात्यासाहेब?”

“मी म्हनीन, मानूस आपलाच हाय बाप्पा. दिल्लीत बोला लागते तसं बोलला. घरी पाहा. पोट्टी आमच्या बाबूले देल्ली, कायदा लागाच्या आंधी.”

बाबू म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. सोळा-सतरा वर्षांचा, कुस्तीचा नाद असलेला. मी ह्यांच्या उत्तराची वाट पाहत होते. मला खात्री होती की आता हे उठतील, कोट सारखा करतील आणि ते वाक्य म्हणतील. अध्यक्षमहाराज म्हणायचे तिथे तात्यासाहेब म्हणतील, एवढाच फरक.

मग हे म्हणाले, “कायदा पाडव्याच्या सुमाराला लागू होतो.”

बस. नाही म्हणाले नाहीत.

तात्यासाहेब गेल्यावर मी ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. एरवी मी अशी कधी उभी राहत नसे.

“तुमी हो म्हन्लं काय?”

“मी काहीच म्हणालो नाही.”

“तेच तं इचारून रायली मी. नाई काहून नाई म्हन्लं?”

ह्यांनी चष्मा काढून पुसला. “तुला राजकारण कळत नाही. मी पडलो तर तिथे बारब्दे जाऊन बसेल. पुढचे कायदे व्हायचे आहेत, विधवांचा आहे, मुलींच्या शाळांचा आहे. ते कोण करणार? एका मुलीपायी हजार मुलींचं नुकसान करू?”

“मंग त्या हजारात आपली येक धरा ना.”

“ती कुठे उद्या नांदायला जाणार आहे? न्हाण येईपर्यंत इथेच राहील. खेळेल, शिकेल. नुसत्या अक्षता पडायच्या. त्यानं काय बिघडतं?”

“तुमच्या भाषनात तं बिघडत होतं.”

हे पहिल्यांदा चिडले. म्हणाले, “मी लग्नाला दिल्लीहून चार दिवसांची रजा काढून येणार आहे. तू पाटावर बसायचं नसेल तर बसू नकोस. धाकटा किसन आणि त्याची बायको कन्यादान करतील. आई का आली नाही ते मुलीला तूच सांग.”

ह्यांना वाद घालायचं शिक्षण होतं. माझ्याकडे नुसता राग होता, आणि त्याला कोणी कधी शाळेत घातलं नव्हतं.

त्या माघ-फाल्गुनात वऱ्हाडात जे झालं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटणार नाही. कायदा यायच्या आत उरकून घ्या म्हणून जो तो उठला. वाजंत्रीवाले मिळेनात, गावोगावचे भटजी एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळत होते. आमच्या शेजारच्या गल्लीत एका घरी सुपात निजवलेल्या पोरीला अक्षता टाकल्या. ती रडायला लागली तर तिच्या आईनं तिथेच तिला पाजायला घेतलं. मुलींना वाचवायला केलेल्या कायद्यानं एका हिवाळ्यात जेवढ्या मुली बोहल्यावर चढवल्या तेवढ्या रूढीनंही चढवल्या नसत्या. आणि त्या गर्दीत कायदा करणाऱ्याची मुलगी होती.

आदल्या दिवशी हळद लागली तेव्हा मंजुळा मला म्हणाली, “आई, आप्पांनी कायदा केला ना?”

“हो.”

“मंग?”

“तो अजून लागला नाई.”

“कधी लागते?”

“पाडव्याले.”

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. “मंग पाडव्याले काहून नाई करत लगन?”

मी तिच्या पायांना हळद लावत राहिले. दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसले. किसनभाऊजींच्या बायकोनं माझ्या पोरीचा हात दुसऱ्याच्या हातात द्यावा हे मला बघवलं नसतं, म्हणून बसले. ह्यांच्या हातावर पाणी सोडताना मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे तात्यासाहेबांच्या पाहुण्यांकडे पाहत होते, कोण कोण आलं आहे ते.

“शिकेल” म्हणाले होते. लग्नानंतर महिन्यातच पळसखेडहून निरोप आला, आमच्या घरची सून दप्तर घेऊन रस्त्यानं जाणार नाही. मुलींची शाळा ह्यांनी काढलेली. तिथल्या बाई विचारायला आल्या तेव्हा हे दिल्लीत होते. मीच सांगितलं, मंजुळा येणार नाही. पाटी तिनं स्वतःच उचलून फडताळात ठेवली. मला वाटलं होतं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

पावसाळ्यात प्रचार सुरू झाला. घरात रोज पंगती. असंच एकदा अमरावतीचे काही वकील आणि एक पेपरवाला जेवायला होते. जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, “आप्पासाहेब, तुमची कन्या ते भाषण फार छान म्हणते म्हणे.” ह्यांनी सवयीनं हाक मारली. मग जीभ चावली असावी, पण तोवर मंजुळा बाहेर आली होती.

ती चौरंगावर चढली. गळ्यात काळी पोत, हातात हिरवा चुडा. तिनं उजवा हात पुढे केला.

“मला दहा वर्षांची मुलगी आहे, अध्यक्षमहाराज!”

मी दाराआडून पाहत होते. मनात म्हटलं, आता कोणाला तरी दिसेल. एवढी शिकलेली माणसं बसलीत, एकाच्या तरी घशात विडा अडकेल. ती शेवटपर्यंत म्हणाली, जन्मदात्या बापालाही नाही, इथपर्यंत. एक शब्द चुकली नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेपरवाला म्हणाला, “वा! आवाज अगदी वडिलांचा!”

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना मी ठरवलं. मला मत होतं. माझे वडील गेले तेव्हा धामणखेडचं सगळं शेत माझ्या नावावर झालं होतं, मी त्यांची एकुलती एक, आणि त्याचा सारा मोठा होता. बायकांना मत मिळून फार दिवस झाले नव्हते. तालुक्यात मत असलेल्या बाया अगदी थोड्या, आणि त्यातली कोणी घराबाहेर पडेल असं वाटत नव्हतं. ह्यांनी तर केव्हाच योजून ठेवलं होतं. निंभोरकरांची पत्नी स्वतः येऊन मत देणार, अमरावतीहून फोटोवाला येणार, फोटो नागपूरच्या पेपरात जाणार.

“तुला काही करायचं नाही,” हे म्हणाले. “ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी तहसीलदारांना नाव सांगायचं. ते कागदावर फुली करतात. नाव सांगायचं आणि बाहेर यायचं. पदर थोडा मागे घे, फोटोत चेहरा दिसू दे.”

“बरं,” मी म्हणाले.

मला बारब्द्यांबद्दल कसलंही प्रेम नव्हतं. पण तो माणूस नातीचं लग्न करतो आणि केलं म्हणतो. माझ्या एका मतानं हे पडणार नाहीत हे मला कळत होतं. पडावेत म्हणून मी जातच नव्हते. चार माणसांत, ह्यांच्या देखत, ह्यांच्या घरातून कोणीतरी ‘नाही’ म्हटलेलं ऐकू यावं, एवढंच मला हवं होतं. मंजुळाच्या बाजूनं कोणी काही बोललं नव्हतं. निदान आई बोलली, एवढं तिला पुढे कळावं.

मतदान ह्यांच्याच शाळेत होतं. मोटार दाराशी थांबली तेव्हा पटांगणात ही गर्दी. मेंबरांची बायको मत द्यायला येते म्हणून आजूबाजूच्या खेड्यांतले बघेसुद्धा आले होते. फोटोवाल्यानं काळं फडकं डोक्यावर घेतलं, मला थांबायला सांगितलं. मी थांबले. मग आत गेले.

वर्गात टेबलामागे तहसीलदार बसले होते, नागपूरकडचे, सभ्य गृहस्थ. एका बाजूला आमचा माणूस, दुसऱ्या बाजूला बारब्द्यांचा माणूस, पुंजाजी नावाचा. हे दारात उभे होते. त्यांच्या मागे खिडक्यांतून माणसंच माणसं.

“बसा बाईसाहेब,” तहसीलदार उठून म्हणाले. “आपलं मत कोणाला लिहू?”

“विठोबाजी बारब्दे,” मी म्हणाले.

माझा आवाज स्पष्ट निघाला. मला स्वतःलाच नवल वाटलं.

तहसीलदारांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. त्यांनी दारातल्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अरे! आमच्या लक्षातच आलं नाही. बाईसाहेब मालकांचं नाव कसं घेणार?”

मला प्रथम कळेचना काय म्हणतात. मग खिडकीतून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “बरोबर हाय! नवऱ्याचं नाव घ्याच्या जागी दुसऱ्याचं सांगतलं बाईनं!” आणि हशा पिकला. चांगला हशा होता, मायेचा. त्यात कोणी मला हिणवत नव्हतं.

“तसं नाई,” मी म्हणाले. “मले बारब्द्यालेच द्याचं हाय मत.”

हशा वाढला. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, “याले म्हन्तात घरानं.”

तहसीलदार भले माणूस. त्यांनी हात वर करून लोकांना गप्प केलं. “बाईसाहेब, मला नियमानं लिहावं लागतं. आपण म्हणता ते खरंच तसं असेल तर एवढं करा. साहेबांचं नाव घेऊन ‘ते नकोत’ असं म्हणा. मी लगेच बारब्द्यांच्या नावापुढे फुली करतो.”

मी तोंड उघडलं.

दौलतराव. पाच अक्षरांचं नाव, आज मी ते लिहून दाखवते, नातीनं शिकवलं मला. पण नवव्या वर्षी त्या घरात आल्यापासून ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. सासूबाई आम्हा सुनांना शिकवायच्या, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. दौलत नावाच्या गड्याला मी उभा जन्म ‘अरे’ म्हणून हाक मारली. भर वर्गात मी दोनदा प्रयत्न केला. ओठ हलले. घशातून काही बाहेर आलं नाही. ज्या माणसाला मी नाही म्हणायला गेले होते त्याचंच आयुष्य कमी होईल म्हणून माझी जीभ उचलेना. एवढा संताप मला त्या दिवशी ह्यांचाही आला नव्हता, जेवढा त्या जिभेचा आला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळ्यांनी पाहिलं. खिडक्यांतून ‘च् च्’ असा आवाज झाला.

तेव्हा पुंजाजी उठला. बारब्द्यांचा माणूस, ज्याचं तिथे बसायचं कामच मुळी त्यांचं एक मत दुसरीकडे जाऊ न देणं हे होतं. छाती पुढे काढून म्हणाला, “लिहा साहेब, निंभोरकराइचंच लिहा. आमी काय येका बाईच्या लाजेचा फायदा घेनार हाओत काय? माह्या मालकालेबी हेच वाटीन.”

लोकांनी त्याला डोक्यावरच घेतलं. तहसीलदारांनी कागद ओढला, मोठ्यानं “दौलतराव सखाराम निंभोरकर” असं म्हटलं, फुली केली, घडी घातली आणि पेटीत टाकली. मी पुढे होऊन “नाई” म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही. कोणी ऐकलं असेल तर तेही माझ्या लाजेतच जमा झालं. जितकं ठासून सांगावं तितकी मी पतिव्रता ठरत होते.

मोटारीत आम्ही दोघंच मागे होतो. हे बाहेर लोकांना नमस्कार करत होते. गर्दी मागे पडल्यावर हात खाली घेतला आणि समोर बघत म्हणाले, “तीनदा सांगितलंस.”

“हो.”

मला वाटलं आता काहीतरी होईल. हात उचलतील, नाहीतर गाडी थांबवून मला माहेरच्या शेतावर जा म्हणतील. त्यातलं काहीही झालं असतं तरी मी सुखी झाले असते. निदान एका माणसाला कळलं होतं.

“हे तू कोणाला सांगत बसू नकोस,” हे म्हणाले. “मी सांगेन.”

आणि सांगितलं की. निवडून आल्याच्या मिरवणुकीनंतर चौकात जे भाषण केलं त्याची सुरुवातच तिथून केली. फोटो पेपरात आला, खाली तीच हकीगत. दिल्लीला गोऱ्या साहेबांच्या मेजवानीत सांगितली तर म्हणे टाळ्या थांबेनात. एका मडमेनं मला रेशमी रुमाल पाठवला. पुढे हे रावबहादूर झाले, नागपूरला परत येऊन मोठ्या हुद्द्यावर बसले, बायकांच्या शिक्षणावर, बायकांच्या हक्कांवर बोलले, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी गोष्ट आलीच. “माझ्या पत्नीनं मला मत दिलं नाही, सज्जनहो! माझं नाव घ्यावं लागेल म्हणून!” दरवेळी सांगताना हे माझ्याकडे वळून हसायचे, आणि माणसं माझ्याकडे अशी पाहायची की मला पदर पुढे ओढावा लागायचा. तो ओढलेला पाहून त्यांना आणखी बरं वाटायचं.

मी एवढंच धरून होते की एक दिवस मंजुळाला खरं सांगायचं. तिला न्हाण आलं, ती पळसखेडला नांदायला गेली. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा अंगानं उतरली होती. आल्या आल्या परसात भांडी घासायला बसली, जशी काही ती पाहुणी नव्हतीच. मी तिला हाताला धरून उठवलं आणि माजघरात नेलं.

“तुले येक सांगाचं हाय,” मी म्हणाले. “त्या मताची गोष्ट. ते सांगतात ना, ती खोटी हाय. म्या लाजून नाई दुसऱ्याचं नाव घेतलं. म्या खरंच देत होती त्याले. तुह्यापायी. तुह्या लगनापायी.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी वाट पाहत होते की ती माझ्या गळ्यात पडेल.

“हे तू अजून कोनाले सांगतलं, आई?”

“कोनालेच नाई.”

“नको सांगू.” ती हळू बोलत होती, सासरी बोलायची सवय लागलेल्या आवाजात. “तिथं मले काईच येत नाई म्हन्तात. भाकर जाड होते म्हन्तात, भाषनं ठोकनाऱ्याची पोट्टी म्हन्तात. पन ती गोष्ट निंघाली का सासू गप होते. आल्यागेल्याले सांगते, हिच्या मायनं साहेबासमोर नवऱ्याचं नाव नाई घेतलं, असं घरानं हाय हिचं. तेवढ्या दिवशी मले चांगलं वागवते. तेवढंच हाय माह्यापाशी तिथं, आई. तेबी नेतं काय तू?”

तिच्या हाताला राखेची पांढरी पुटं होती. मी ती पदरानं पुसली.

संक्रांतीला पळसखेडला हळदीकुंकू होतं, विहीणबाईंचं मुद्दाम बोलावणं आलं. वाडाभर बाया जमल्या होत्या. मंजुळा कोपऱ्यात उभी राहून वाण वाटत होती. कुंकू लावून झाल्यावर विहीणबाई माझ्याजवळ सरकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “ते मताचं सांगा ना, इहीनबाई. त्याइच्या तोंडून लय वेळा आयकलं. तुमच्या तोंडून आयकाचं हाय आमाले.”

बाया सरसावून बसल्या. मंजुळाचा वाण वाटणारा हात थांबला.

मी सांगितली. तहसीलदारांपासून सांगितली, पुंजाजीपर्यंत. ह्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितली नसेल इतकी रंगवून सांगितली. कुठे थांबायचं, कुठे पदर तोंडाला लावायचा, सगळं मला आपसूक सुचत गेलं. “मले काई नावच घेता येईना व माय,” असं मी म्हणाले तेव्हा बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. हसू ओसरल्यावर विहीणबाईंनी मंजुळाला हाक मारली, “ये व पोरी, उभी कायले हायेस,” आणि तिला आपल्याजवळ सतरंजीवर बसवून घेतलं.